पडद्यावरची ओळ वाचणाऱ्या मालनबाई

मालनबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका संगणकाला पांघरूण घालत होत्या. पांघरूण हा शब्द त्यांचा. होतं ते साधं प्लॅस्टिकचं कव्हर, पण त्या ते चारी बाजूंनी असं खोचत होत्या की आत कुणी तापाने झोपलंय असं वाटावं. मला दारात बघून त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, चपला भायेर. मी संगणक विभागाची नवी अध्यापिका आहे हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पायांकडे पाहिलं. मी चपला बाहेर काढून आले.

हे सत्त्याण्णव सालातलं. मी साताऱ्याची, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन नुकतीच सांगलीच्या एका कॉलेजात संगणक शिकवायला लागले होते. मालनबाई तिथल्या प्रयोगशाळेच्या परिचर होत्या. झाडणं, पुसणं, कुलूप उघडणं, कुलूप लावणं ही त्यांची कामं. आधी त्यांचे यजमान याच जागेवर होते. ते काविळीने गेले, आणि त्यांच्या जागी बाईंना घेतलं. माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू शेतीचं. शिक्षण दहावी. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने किरकोळ, नेसण नेटकं, आणि अंबाड्यात कायम एक निळं बॉलपेन खोचलेलं. तिकडच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलायच्या. कॉलेजातली शहरी मुलं त्यावर आपापसांत हसायची. बाईंना ते ऐकू यायचं, पण त्यांनी आपली भाषा बदलली नाही.

त्या पेनाला एक कारण होतं. बाई कामावर आल्या त्या आठवड्यात एकदा सर्व्हर, म्हणजे ज्याच्या जोरावर प्रयोगशाळेतले बाकीचे तीस संगणक चालायचे ते मुख्य यंत्र, सुरूच होईना. बाईंनी विभागप्रमुख माने सरांना तसं जाऊन सांगितलं. सर घाईत होते. ते वैतागून म्हणाले, नुसतं बंद पडलं म्हणून सांगू नका, पडद्यावर काय आलं ते लिहून आणत जा. बोलून सर विसरून गेले. बाई विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोनशेपानी वही घातली आणि सर्व्हर सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी यायच्या त्या उतरवायला सुरुवात केली. ओळी इंग्रजी, आणि भराभर वर सरकणाऱ्या. एका वेळी तीन-चारच हाती लागायच्या. मग आज वरच्या चार, उद्या त्याखालच्या चार, असं करत त्यांनी महिन्याभरात सगळं जमवलं होतं. नंतर रोज ताडून बघायच्या आणि काही वेगळं दिसलं की तारीख, वेळ घालून लिहायच्या. त्या ओळी सावकाश वाचता येतील अशी एक आज्ञा असते, ती मी त्यांना पुढे दाखवली. त्यावर त्या म्हणाल्या की हे आधी कुणी सांगितलं असतं तर डोळ्यांचं पाणी वाचलं असतं.

आमचा सर्व्हर लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कार्यप्रणालीवर चालायचा. त्या दिवसांत सांगलीत लिनक्स माहीत असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. आमच्याकडे ते एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून आलं होतं. त्याची गंमत अशी की त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्याला हवा तसा आपणच घडवून घेता येतो. कर्नल घडवला की त्याच्याबरोबर मॉड्यूल नावाचे छोटे भाग घडवायचे. एक नेटवर्क कार्डासाठी, एक प्रिंटरसाठी, असे. कर्नल उठला की हे भाग गरजेप्रमाणे त्याला जोडले जातात. पुस्तकात हे सगळं एका पानात आटोपतं.

नोकरीला लागून दोन महिने झाले आणि मला हुरूप आला. मी सर्व्हरवर नवा कर्नल घडवायला घेतला. यंत्र जुनं होतं, घडवायलाच तीन तास लागले. कर्नल उठला, पण नेटवर्क कार्ड काही जागं होईना. तीसच्या तीस संगणक सर्व्हरपासून तुटले. मी पुन्हा घडवला. तेच. पुस्तकं चाळली, पुण्याच्या मैत्रिणीला एसटीडीवरून फोन केला, तिसऱ्यांदा घडवला. मुलांची प्रात्यक्षिकं दोन दिवस बंद पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी रडकुंडीला येऊन पडद्यासमोर बसले होते, तेव्हा बाई वही घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम, ही वळ तुमी वाचली का?”

मी म्हटलं, दोन दिवस तीच तर वाचतेय.

“मोठ्यानं वाचा की एकदा.”

मला राग आला होता, तरी वाचली. ‘अनरिझॉल्व्ड सिम्बॉल’ अशी सुरुवात आणि पुढे एक विचित्र नाव. त्याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हे मॉड्यूल एका नावाला हाक मारतंय आणि ते नाव त्याला कुठे सापडत नाहीये.

“मग ते नाव कुनाकडं असतंय?”

हा प्रश्न दोन दिवसांत मी स्वतःला विचारला नव्हता. मी फक्त पुन्हा पुन्हा घडवत होते. बाईंनी वही पुढे केली. आमचा सर्व्हर सुरू झाला की कोणती मॉड्यूल चढली त्याची यादी दाखवायचा, आणि ती यादी बाईंच्या वहीत होती. त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं. नेटवर्क कार्डाच्या ‘एनई’ नावाच्या मॉड्यूलबरोबर रोज आणखी एक मॉड्यूल असायचं, ८३९० नावाचं. बाई ते आठ हजार तीनशे नव्वद असं वाचायच्या. त्या म्हणाल्या, ही दोगं रोज जोडीनं असत्यात, आज ह्यो एकटाच कसा? मी कार्डाचं मॉड्यूल एकटंच चढवायला बघत होते. आधी आठ हजार तीनशे नव्वद चढवलं, मग कार्डाचं. क्षणात कार्ड जागं झालं.

मी त्यांचे हात धरले. त्यांनी ते हळूच सोडवून घेतले आणि वहीत वेळ लिहिली.

त्या दिवसापासून रोज चार वाजता, मुलं गेल्यावर, मी त्यांना लिनक्सच्या आज्ञा शिकवायला लागले. पण खरं सांगायचं तर शिकले मीच जास्त. काही बिघडलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. काल काय होतं, आज काय हाय, मधी कुनी हात लावला? तिसरा प्रश्न त्या इतक्या साध्या सुरात विचारायच्या की हात लावणारा मुलगा आपणहून पुढे येऊन सांगायचा. यंत्र बंद करून पुन्हा चालू करणं हा जो सगळ्यांचा आवडता इलाज, त्याची त्यांना चीड होती. तसं केलं की चूक नुसती लपून बसती, आन् नेमकी परीक्षेत भायेर येती, असं त्यांचं म्हणणं. नवा कर्नल घडवला तरी जुना मोडायचा नाही, तो वेगळ्या नावाने तसाच ठेवायचा, हा नियम पुस्तकातही आहे. पण आमच्याकडे तो पाळला जायचा तो बाईंमुळे. जुन्याला त्यांनी ‘जुना’ असंच नाव द्यायला लावलं होतं. सर्व्हर सुरू होताना ते नाव टाइप केलं की जुना कर्नल उठायचा. माऊसला त्यांनी कधी हात लावला नाही. त्याने काय केलं ते मागाहून वाचता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. खूश असल्या की भावाने धाडलेल्या बेदाण्यांची पुडी माझ्या टेबलावर यायची, आणि प्रयोगशाळेत खायचं नाही म्हणून ती घेऊन मला त्याच बाहेर पाठवायच्या.

पुढच्या जानेवारीत साताऱ्याच्या एका नव्या तंत्रनिकेतनातून मला बोलावणं आलं. तिथले शेडगे सर माझ्या ओळखीचे. त्यांनीही लिनक्स बसवलं होतं, आणि कर्नल घडवल्यापासून यंत्र सुरू होताना पडदाभर तक्रारी येत होत्या. एका मॉड्यूलची नाही, वीस-पंचवीसांची. मी बाईंना म्हटलं, चला बरोबर. माने सरांची परवानगी काढली आणि आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. बाईंनी धुतलेलं इरकली लुगडं नेसलं होतं. सातारा त्यांनी पाहिलेला नव्हता. किल्ला कुठून दिसतो ते मी त्यांना दाखवलं.

तंत्रनिकेतनात शेडगे सरांनी माझं स्वागत केलं आणि तुमच्या शिपाईबाईंना बाहेर बाकावर बसू दे म्हणाले. वाईट हेतूने नाही, सवयीने म्हणाले. मीही मान डोलावली. आत जाऊन तासभर झटले. काही उमगेना. पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा बाईंनी विचारलं काय येतंय. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, ह्यांनी कितींदा घडवलं? मी आत जाऊन विचारून आले, तीनदा, दर वेळी वेगवेगळ्या गोष्टी निवडून. मग त्या म्हणाल्या, पयल्या दोन बारीची मॉड्यूलं काढली व्हती, का त्याच्यातच टाकलं नवं?

ते तसंच झालं होतं. तिन्ही वेळची मॉड्यूल एकाच जागी, एकमेकांत मिसळलेली होती. नव्या कर्नलला त्यातली निम्मी ओळखूच येत नव्हती. मी आत जाऊन तो सगळा गठ्ठा बाजूला हलवला, जुनं सगळं साफ केलं, कर्नल आणि मॉड्यूल नव्याने घडवली. दोन-अडीच तास गेले. यंत्र पुन्हा सुरू केलं तेव्हा पडदा स्वच्छ होता. शेडगे सर आणि त्यांचे सहकारी खूश झाले. मॅडमनी नेमकं ओळखलं, असं कुणीतरी म्हणालं. मी हसले. बाई तेव्हा दारातच उभ्या होत्या.

परतीच्या एसटीत कराडपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कराड मागे पडल्यावर म्हणाल्या,

“मॅडम, तितं तुमी माझं नाव घ्यायला पायजे व्हतं.”

मी त्यांच्याकडे वळले.

“घेतलं न्हाई, मला वाईट वाटलं. ही गोष्ट मनात ठिवून उद्या तुमच्यासंगं गोड बोलायचं मला जमायचं न्हाई, म्हनून सांगितलं.”

मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, झालं मग म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर घेऊन इस्लामपूरपर्यंत खिडकीला टेकून झोपल्या. मी मात्र जागी होते. घरी पोचल्यावर मी शेडगे सरांना पत्र लिहून खरं काय ते कळवलं. त्यांनीही मोठेपणा दाखवला. पंधरा दिवसांनी त्यांचं यंत्र पुन्हा अडलं तेव्हा विभागाच्या फोनवर त्यांनी मला नाही, मालनबाईंना बोलवा असं सांगितलं. बाई फोन कानाला उलटा लावून पंधरा मिनिटं बोलल्या, आणि तरीही त्यांचं काम झालं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कोल्हापूरहून बाहेरचे परीक्षक दहा वाजता यायचे होते. मी साडेआठला पोचले तर प्रयोगशाळेच्या दारात मुलं गोळा झालेली आणि आत माने सर लालबुंद. सर्व्हर सुरू होता, पण नेटवर्क मेलेलं. तीस मुलांचं वर्षाचं काम त्या सर्व्हरवर होतं, आणि तीसही संगणक त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. सर तसे मनाचे वाईट नव्हते, पण तापले की समोर कोण आहे ते बघायचे नाहीत. त्या वेळी समोर बाई होत्या, हातात ओलं फडकं. पुसताना तुम्ही कुठली वायर हलवलीत, असं सर मुलांसमोर विचारत होते.

“मी हात लावला न्हाई, सर,” बाई म्हणाल्या.

सर म्हणाले, तुमचं काम झाडण्याचं आहे, तेवढंच करत जा, आणि आज संध्याकाळपर्यंत मला लेखी खुलासा पाहिजे. बाईंनी फडक्याची घडी घातली. ती मोडली आणि पुन्हा घातली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

कराडच्या पुढे एसटीत ऐकलेलं माझ्या कानांत होतं. मी पुढे झाले आणि मुलांना ऐकू जाईल असं म्हटलं की सर, आधी पडद्यावरची ओळ वाचू. हे मला बाईंनी शिकवलंय. साताऱ्याचं काम झालं तेही त्यांनीच केलं होतं, मी नाही. मी ओळ वाचली. मॉड्यूल २.०.३० या कर्नलसाठी घडवलेलं आहे आणि चालू असलेला कर्नल २.०.३३ आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

बाईंनी अंबाड्यातलं पेन काढलं, वही उघडली आणि कालच्या तारखेवर ठेवलं.

“काल साडेचारला शेवटचा आकडा तीस व्हता. तवा मी कुलूप लावून चावी आफिसात दिली. आता तेहतीस हाय. मधी कर्नल कुनी बदलला?”

सरांनी चष्मा काढला. पुसला.

“मी बदलला,” ते म्हणाले. “काल तुम्ही गेल्यावर.”

नव्या सीडीतून त्यांनी नवा कर्नल घडवला होता आणि मॉड्यूल घडवायची राहून गेली होती. परीक्षेला नवं काहीतरी दाखवावं, एवढीच हौस. बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा दुसरा एक भाऊ फौजेत होता, त्यामुळे कर्नल हा शब्द त्यांच्या कानांना परका नव्हता. त्या सरांना समजावून सांगावं तसं म्हणाल्या, कर्नल नवा आला, पर हाताखालची मानसं जुन्याचीच ऱ्हायली, ती ह्याचं कशी ऐकतील? मग त्यांनी सर्व्हर रीतसर बंद केला, पुन्हा सुरू केला, आणि सुरू होताना एकेक अक्षर बघत टाइप केलं, जुना. जुना कर्नल उठला. त्याची मॉड्यूल त्याला मिळाली. परीक्षक आले तेव्हा मुलं आपापल्या जागी बसलेली होती, आणि सर त्यांना चहा विचारत होते.

संध्याकाळी बाईंनी खुलासा लिहून नेला. चार ओळींचा. काल काय होतं, आज काय होतं, काय केलं, किती वाजता चालू झालं. कुणाचं नाव नव्हतं. सरांनी तो वाचला आणि म्हणाले की सकाळी मी तसं बोलायला नको होतं. मी तिथेच होते. बाई म्हणाल्या, “तुमी बोललासा तवा पोरं समोर व्हती, सर.”

सरांनी खुलासा फायलीत ठेवला. पण दुसऱ्या दिवशी परीक्षा सुरू व्हायच्या आधी ते मुलांसमोर उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं की काल चूक माझी होती, बाईंची नव्हती, आणि परीक्षा झाली ती त्यांच्यामुळे. बोलताना ते अडखळत होते. बाई मागे भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, आणि एका मुलाला खुणेने पाय टेबलाखाली घ्यायला सांगितलं.

मग सरांनी त्यांना प्रयोगशाळा सहायक करावं म्हणून कार्यालयाला लिहिलं. कागद परत आला. त्या पदाला बारावी पास लागत होती. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे दिला. मला वाटलं, संपलं. जुलैत सर स्वतः जाऊन सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले, बाहेरून बारावीला बसायचा. बाईंनी कला शाखा घेतली. फेब्रुवारीपर्यंत चार वाजल्यानंतर आमच्या टेबलावर लिनक्सऐवजी इतिहास आणि अर्थशास्त्र आलं. सनावळ्या त्यांना पाठ व्हायच्या. निबंध मात्र जमायचा नाही. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, आता ह्याच्या म्होरं काय सांगायचं ऱ्हायलंय?

अर्थशास्त्र पहिल्या खेपेला राहिलं. ते त्यांनी ऑक्टोबरात काढलं आणि पुढे सहायक झाल्या. हे सगळं मला पुण्याला पत्राने कळलं. मी नव्याण्णवच्या फेब्रुवारीअखेर सांगली सोडली, पुण्यात नोकरी लागली म्हणून. पत्रात हुद्दा वाचला तरी माझ्या डोळ्यांसमोर आल्या त्या मी निघाले त्या सकाळच्या मालनबाई.

निरोप आदल्या दिवशीच झाला होता. मी सामान घेऊन रिक्षाने स्टँडकडे चालले होते. वाटेत एका शाळेपाशी गर्दीने रस्ता अडला. बारावीचा पेपर होता. फाटकावर आसनक्रमांकांचे कागद चिकटवलेले, आणि त्यांच्यासमोर मुलींची, आईबापांची झुंबड. त्यात बाई दिसल्या. काखेत पुठ्ठा, हातात पाण्याची बाटली, ओठ हलत होते. काहीतरी पाठ म्हणत असाव्यात. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. पेपरच्या आधी माणसाला हाक मारू नये.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने त्यांना विचारलं, तुमची मुलगी कुठल्या वर्गात आलीय?

“माझाच पेपर हाय,” मालनबाई म्हणाल्या.

त्या बाईने एकवार त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग बाजूला होऊन त्यांना कागदापर्यंत जायला वाट करून दिली. घंटा झाली. मुली धावल्या. बाई धावल्या नाहीत. वेण्यांच्या, ओढण्यांच्या त्या घोळक्यात त्या आपल्या चालीने पायऱ्या चढून गेल्या. वाट मोकळी झाली होती. रिक्षावाल्याने विचारलं, निघायचं का? मी म्हटलं, जरा थांबा.